थर्मामीटरची खोली

"चक्कर आली ती उपाशीपोटी काम केल्यामुळे," मापसाहेब म्हणाले. "पृथ्वीच्या तापमानाशी तिचा काडीचा संबंध नाही."

"उपाशी कुठे, बाबा? जेवून वर गेली होती ती."

"मग भरल्या पोटामुळे. जेवल्यावर रक्त पोटाकडे धावतं आणि डोक्याला कमी पडतं. साधं शरीरशास्त्र आहे."

"ती पत्र्याखाली बसली होती. भर दुपारी. त्या पत्र्याला एकदा हात लावून बघा."

"पत्रा मी लहान होतो तेव्हाही तापायचा. तेव्हा त्याला कुणी जागतिक म्हणत नव्हतं."

ज्यांना चक्कर आली होती त्या काकू या दोघांच्या मधोमध पलंगावर पडून होत्या. कपाळावर ओल्या रुमालाची घडी होती. एका अंगाला नवरा, दुसऱ्या अंगाला लेक, आणि दोघांचे हातवारे त्यांच्या अंगावरून चाललेले. कुणाचा धक्का लागून रुमाल सरकला की काकू तो स्वतःच नीट करून घेत होत्या. त्यांना पाणी हवं होतं. पण वाद ऐन रंगात आला होता, आणि एवढ्या मोठ्या विषयात मध्येच पाणी मागणं त्यांना बरं दिसेना.

झालं होतं ते एवढंच. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत काकूंचं शिवणकाम चालायचं. शाळा उघडायच्या आधी गणवेशांचा ढीग येऊन पडतो, आणि शाळा उघडतात उन्हाळा संपता संपता. त्यामुळे सगळ्यात जास्त काम सगळ्यात वाईट दिवसांत. दुपारी एका सदऱ्याची कॉलर लावता लावता त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या बाजूच्या ढिगावर कोसळल्या. नशीब एवढंच की तो तिसरीच्या हाफपँटींचा ढीग होता. लागलं नाही.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाहून धावत आली, म्हणजे काचा वर केलेल्या थंडगार गाडीतून आली. कंपन्या हवेत किती धूर सोडतात याचे अहवाल बनवायची तिची नोकरी होती आणि त्यासाठी तिला सारखं विमानानं जावं लागे. धुराविषयी तिला मनापासून तळमळ होती, यात शंका नाही. आईला पाहिल्याबरोबर तिनं त्याच तळमळीनं आधी फोटो काढला.

"लोकांना कळायला हवं, आई. तू आता नुसती आई नाहीस, तू पुरावा आहेस."

निदान केस तरी नीट करू द्यायचे होतेस, असं काकूंच्या मनात आलं.

वाद जरा दम खायला थांबला तेव्हा त्या रुमालाखालून म्हणाल्या, "वर एक एसी बसवू या का? छोटासा."

"नाही," दोघंही एकदम म्हणाले.

"एसी बसवला की दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली म्हणणार, साहेबांनाही शेवटी उकडलं," मापसाहेब म्हणाले. "इतकी वर्षं मी लोकांना काय सांगतोय?"

"आई, एसीची गरम हवा जाते कुठे? बाहेरच ना?" लेक म्हणाली. "आपल्याला गार वाटावं म्हणून पुढच्या पिढीला भाजायचं?"

"तुझ्या गाडीत आहे ना पण."

"गाडी कंपनीची आहे."

बापलेकीचं कुठल्याही विषयावर एकमत झालेलं काकूंनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी रुमाल उलटा करून पुन्हा कपाळावर ठेवला आणि पाणी आणायला स्वतःच उठल्या.

मापसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण बाजारात त्यांना दुसरं नाव नव्हतं. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते निरीक्षक होते. सायकलच्या मागे एक पत्र्याची पेटी, तिच्यात मऊ कातड्यात गुंडाळलेली सरकारी वजनं. त्यांची सायकल कोपऱ्यावर दिसली की बाजारातले तराजू आपोआप खरं बोलायला लागत. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, पोकळ केलेलं वजन, दांडीला बांधलेला बारीक दोरा, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. लाचेचं तर सोडाच, बाजारात कुणाचा चहा घ्यावा लागू नये म्हणून ते घरून दोन कप पिऊन निघत. काकूंना या माणसाचा त्या काळी फार अभिमान वाटायचा. अजूनही कधीकधी, विषय हवेचा नसला की, वाटायचा.

मग ते प्रकरण झालं. मुख्य कार्यालयातून एक तरुण तपासनीस आला आणि त्यानं निरीक्षकांच्याच पेट्या तपासायला घेतल्या. मापसाहेबांचं किलोचं वजन जड निघालं. बुडाच्या खोबणीत तेलाचा आणि धुळीचा थर साचत साचत घट्ट झाला होता. म्हणजे त्या काळात ज्यांना कमी वजनाबद्दल दंड झाला, त्यांतल्या कितीतरी जणांची वजनं बरोबर होती आणि सरकारचं चूक होतं. दुसऱ्या कुणी हे दाबून टाकलं असतं. मापसाहेब दुकानादुकानांत जाऊन माफी मागून आले. एका कांदेवाल्यानं त्यांना बसायला पोतं दिलं आणि अगदी सहज विचारलं, "साहेब, तुम्ही आमचं तपासता. तुमचं तपासतं कोण?"

असल्या प्रश्नावर बाकीची माणसं चार दिवस अस्वस्थ होतात आणि मग विसरतात. मापसाहेब त्या प्रश्नावर जे अडकले ते अडकलेच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी टीव्हीवर ऐकलं की पृथ्वी एक-सव्वा अंशानं तापली आहे. त्यांनी ताट बाजूला सारलं. "कोणी मोजलं? कशानं मोजलं? ते कुठे ठेवलं होतं?" दुसऱ्या दिवशी ते गावातला हवामानाचा थर्मामीटर शोधत गेले. तो सापडला एका वाहनतळाच्या भिंतीला लागून, आणि त्याच्या शेजारी एका खानावळीच्या भटारखान्याची गरम वाफ सोडणारं धुराडं. मापसाहेब परत आले ते एखाद्या पोराच्या उत्साहानं. एक तराजू खोटा निघाला म्हणून अख्खा बाजार खोटा, असं त्यांनी नोकरीत कधी म्हटलं नव्हतं. पृथ्वीच्या बाबतीत मात्र तेवढं पुरलं.

लेकीनं समजावून पाहिलं. शहरांची उष्णता शास्त्रज्ञांना ठाऊक असते, ती धरूनच ते हिशेब करतात. शिवाय समुद्रात मोजतात, डोंगरांवर मोजतात, जिथे माणूस फिरकत नाही तिथेही मोजतात.

"आणि सगळीकडून उत्तर एकच येतं?"

"हो, बाबा. एकच येतं."

"मग संगनमत आहे. बाजारात सगळ्यांचे भाव एकसारखे निघाले की आम्ही तेच समजायचो."

दुसऱ्याचं माप खोटं म्हणायचं तर आपलं खरं माप हवं, हे मात्र मापसाहेबांना पटत होतं. माणूस न्यायाचा. म्हणून त्यांनी घरात एक खोली निवडली. तळमजल्यावर, मागच्या अंगाला, जाड भिंतींची. एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या सावलीत. ऊन त्या खोलीत जन्मात आलं नव्हतं. खात्यात सरकारी वजनं ठेवायला जशी खास खोली असे, तशी ही घरातली 'प्रमाण खोली'. तिच्या भिंतीवर त्यांनी प्रमाणपत्र मिळालेला थर्मामीटर टांगला. खिडकी बंद केली, पडदा ओढला, पंखा उतरवला, दिवा काढला आणि दाराला कडी घातली.

"माणसानं आत बसायचं नाही," त्यांनी घरात सांगून टाकलं. "माणूस म्हणजे शंभर वॅटचा पेटता दिवा. नुसता बसून राहिला तरी खोली तापवतो."

ते स्वतः सकाळ-संध्याकाळ श्वास रोखून आत जात, आकडा बघत आणि बाहेर येऊन श्वास सोडत. तेव्हापासून प्रत्येक उन्हाळ्यात थर्मामीटर जवळजवळ तेच सांगत आला होता. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, नळाच्या पाण्यानं दुपारी हात पोळत होता, गच्चीवर टाकलेली चादर वाळायला पाच मिनिटं लागत नव्हती. पण हे सगळे अशुद्ध पुरावे. शुद्ध पुरावा खोलीत होता, आणि खोली गार होती. घरातली एकमेव गार जागा अशा रीतीनं थर्मामीटरला राहायला मिळाली होती, आणि त्याची तब्येत उत्तम होती.

चक्कर आली त्या संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. रक्तदाब बघितला, जीभ बघितली आणि म्हणाले, पुन्हा असं झालं तर पडायला हाफपँटी असतीलच असं नाही. दुपारी पत्र्याखाली बसायचं नाही, गार जागी बसायचं.

डॉक्टर गेले आणि भूगोलमास्तर आले. हे मापसाहेबांचे शाळेपासूनचे मित्र, तेही निवृत्त. रोज संध्याकाळी दोघांची बैठक असायची, आणि तिच्यात रोज एकदा तापल्याच्या आरोपातून पृथ्वीची सुटका व्हायची. मापसाहेबांचा भर मोजमापावर, मास्तरांचा सूर्यावर आणि हिमयुगावर.

"वहिनी, लाखो वर्षांपूर्वी इथे, या जागेवर बर्फ होतं," मास्तर चहाचा कप घेत म्हणाले. "मग ते वितळलं. तेव्हा कुठे होत्या मोटारी?"

"मोटारी नव्हत्या, पण मला गणवेशही शिवायचे नव्हते, भाऊजी."

"तसं नव्हे. हवेत तो धुरातला वायू असतो तरी किती? हजार भागांत अर्धा भागही नाही. चिमूटभर. चिमटीनं कुठे पृथ्वी तापते?"

"पांढऱ्या सदऱ्यांच्या बादलीत मी नीळ चिमूटभरच घालते," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी चहाचा मोठा घोट घेतला.

"नीळ वेगळी," मापसाहेब म्हणाले. कशी वेगळी ते त्यांनी सांगितलं नाही.

एवढं बोलणं निघालंच होतं, तर काकूंनी विषय काढला. "अहो, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना. गणवेश संपेपर्यंत मशीन मागच्या खोलीत ठेवते. फक्त दुपारपुरतं."

मापसाहेबांनी कप खाली ठेवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर काकूंना सोपं गेलं असतं. त्यांनी खरोखरच वाईट वाटलेल्या माणसासारखं तोंड केलं.

"अगं, मग ती प्रमाण खोली कसली राहिली? तू बसणार, मशीनची मोटर चालणार, इस्त्री लागणार. दोन अंश चढतील. इतक्या वर्षांची नोंद एका उन्हाळ्यात मातीत."

"मग मी बसू कुठे?"

"बैठकीत बस."

"बैठकीत दुपारभर पश्चिमेचं ऊन असतं."

"स्वयंपाकघर?"

"तिथे शेगडी असते. त्या शेगडीवर तुमचा चहा असतो."

"पहाटे उठून शिवत जा," मापसाहेब म्हणाले, आणि हे ते अगदी मनापासून म्हणाले. "पहाटे छान गारवा असतो."

पहाटे गारवा असतो हे काकूंना ठाऊक होतं. पहाटे पाणी भरायचं असतं, स्वयंपाक उरकायचा असतो, हेही त्यांना ठाऊक होतं. मास्तर कपातल्या उरल्यासुरल्या चहाकडे बघत राहिले. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, पत्र्यावर वेल चढवू या. मी रोपं आणते. दोन-तीन वर्षांत अख्खा पत्रा झाकून जाईल. आणि तुझा फोटो खूप जणांना भिडला, बरं का."

वेल वाढेपर्यंत तिसरीची मुलं सहावीत जाणार होती आणि गणवेश शाळा उघडायच्या आत हवे होते. काकू दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेल्या.

सकाळ बरी गेली. दुपार चढली तशी मशीनची चकती बोटांना चटका देऊ लागली. घाम डोळ्यांत उतरून सुया दोनदोन दिसायला लागल्या, तेव्हा त्या उठल्या आणि भिंतीला धरून जिना उतरल्या. मापसाहेब वाचनालयात गेले होते. तिथे पंखे चांगले होते. काकू स्वयंपाकघराकडेच निघाल्या होत्या. पण डोकं गरगरत होतं, पाय मागच्या अंगाला वळले, आणि हातानं कडी काढली.

आत गेल्यावर आधी त्यांना आपण कुणाच्या तरी परक्या घरात आलो असं वाटलं. फरशी इतकी गार होती की तळव्यांना पहिल्यांदा ती ओली वाटली. त्यांनी दार लोटून घेतलं आणि सरळ खाली आडव्या झाल्या. आधी पाठ टेकली, मग गाल टेकला. मानेखालची धडधड हळूहळू बसत गेली. या घरात इतकी वर्षं काढून, याच घरात असा गारवा आहे हे त्यांना कधी कळलं नव्हतं. भिंतीवरचा थर्मामीटर त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी कूस बदलून त्याच्याकडे पाठ केली आणि झोपल्या.

जाग आली तेव्हा दुपार उलटून गेली होती. त्यांनी केस बांधले, कडी पुन्हा घातली आणि वर जाऊन चार सदरे पुरे केले.

संध्याकाळी मापसाहेब नेहमीसारखे श्वास रोखून खोलीत गेले आणि नेहमीसारखे बाहेर आले नाहीत. खूप वेळानं आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मास्तरांना फोन करून तातडीनं बोलावून घेतलं.

"सव्वा अंश," ते म्हणाले. "एका दिवसात सव्वा अंश."

गेली कित्येक वर्षं मापसाहेब जगाला सांगत होते की एक-सव्वा अंशानं काही होत नाही. आता ते खुर्चीत बसू शकत नव्हते.

"शेजाऱ्यांनी भिंतीला काळा रंग तर दिला नाही ना?" मास्तरांनी विचारलं.

"बघून आलो. नाही."

"सूर्यावर डाग वाढले असतील."

"मास्तर, या खोलीत सूर्य येत नाही."

"थर्मामीटर बिघडला असेल."

"दुसरा लावून बघितला. तोही तेच सांगतो." मापसाहेबांनी नोंदवही उघडून आकडा लिहिला. मग म्हणाले, "आकडा आहे तो आहे. लेकीला कळवावं लागेल. ती आज रोपं घेऊन येणारच आहे."

काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. आकडा खोडावा, उद्या पुन्हा बघू म्हणावं, हे या माणसाच्या मनालाही शिवलं नव्हतं. दुकानादुकानांत माफी मागत फिरलेला तोच माणूस होता. काकू गप्प राहिल्या असत्या तर आज या घरात पृथ्वी अधिकृतपणे तापली असती, लेक जिंकली असती, आणि कदाचित एसीही आला असता. पण खोट्या मापावर जिंकायचं तर इतकी वर्षं या माणसाच्या घरात राहून उपयोग काय.

"मी झोपले होते तिथे," त्या म्हणाल्या. "दुपारभर."

दोघंही वळून बघायला लागले.

"तू होतीस?" मापसाहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत आलं. "आतमध्ये? दार उघडं की बंद?"

"बंद."

"किती वेळ? पंखा वगैरे काही आणला होतास? भिंतीपासून किती लांब होतीस?"

"म्हणजे खोली तापलीच नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मित्राचा हात हातात घेऊन हलवला. "वहिनी तापवत होत्या."

"मला वाटलंच होतं. असं आपोआप होणं शक्यच नाही." मापसाहेब आता खुर्चीत बसले, मागे टेकले आणि त्यांनी ट्रेमधला कप उचलला. "शेरा मारून ठेवतो. ही वाढ नैसर्गिक नाही. ती माणसामुळे झाली आहे."

"अगदी बरोबर," मास्तर म्हणाले.

लेक याच वेळी दोन्ही हातांत रोपांच्या पिशव्या घेऊन आत आली होती. तिनं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

"बाबा," ती म्हणाली, "पुन्हा म्हणा. मी रेकॉर्ड करते."

मग सगळं पहिल्यापासून तिला सांगून झालं. मापसाहेब हसत होते, लेक हसत होती, मास्तरांनी आणखी एक कप मागितला. लेक म्हणाली यातून मोठा मुद्दा सिद्ध होतो, मापसाहेब म्हणाले यातून उलटाच मुद्दा सिद्ध होतो, आणि दोघं नव्या दमानं भिडले. काकू तिथे आडव्या का झाल्या, हे तिघांपैकी कुणीही विचारलं नाही. त्यांच्या गालावर फरशीच्या सांध्याची रेघ अजून उमटलेली होती.

काकूंनी मास्तरांच्या हातातला रिकामा कप घेतला, बाकीचे कप ट्रेमध्ये गोळा केले आणि दाराशी जाऊन थांबल्या.

"उद्या सकाळी मशीन खाली येतंय," त्या म्हणाल्या. "मागच्या खोलीत. हमालाला सांगून झालंय. खिडकी उघडी राहील, पंखा परत लागेल, दिवाही लागेल, आणि मी दिवसभर आत बसेन. थर्मामीटर वर पत्र्याच्या खोलीत टांगा. बैठक तिथेच भरवा, वेलही तिथेच चढवा. शाळा उघडल्या तरी मशीन खालीच राहणार आहे."